माहूरच्या घाटातली बातमी

निवृत्तीनंतर भुजंगरावांना एकच नाद जडला. नांदेडच्या घरात सकाळी कंप्युटर लावायचा आणि मेलच्या प्रोग्राममध्ये उतरलेल्या बातम्या अन् ब्लॉग वाचायचे. मोबाइलवर आलेल्या बातमीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. इथं कसं, एकदा फीड जोडलं की नवं ते टपालासारखं आपोआप येऊन पडतं! माहूरच्या एका पत्रकाराचा ब्लॉग आठ दिवस हलेना, नवं काही उतरेना, म्हणून आज त्यांनी तो काढून नव्या फोल्डरात पुन्हा जोडला.

पहिलीच ओळ ठळक अक्षरात होती: 'घाटात क्रूझर उलटली, आजी-नातीसह तिघे ठार.' वेळ आजची, नऊ वाजून बारा मिनिटं.

पहाटेच भुजंगरावांची बायको धोंडाबाई नात सृष्टीला घेऊन माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला गेली होती, अन् गेली होती ती क्रूझरनंच. बातमी उघडायला हात धजेना. आत नावं असतील की!

धोंडाबाईचा फोन लागेना. ड्रायव्हरचा नंबर घ्यायची बुद्धी सुचली नव्हती. लातूरला मुलाला, बालाजीला फोन लावला अन् वाजायच्या आत कापला. पोरीला न्यायचा हट्ट आपणच धरलेला, आता तिच्या बापाला काय तोंडानं सांगायचं? हिमायतनगरच्या साडूंना, शेषेरावांना विचारलं, तर ते म्हणाले, कानावर तर काही न्हाई, चौकशी करून राहिलोय. भुजंगराव देवापुढं बसले, तर देवाचं एक नाव ओठावर येईना. तासभर नुसते फोनकडं बघत होते.

मग फोन वाजला.

"अवो, वर गडावर रेंजच न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "दर्शन लई चांगलं झालं. तुम्ही जेवलात का?"

"सृष्टी?"

"हाय की. देवीच्या प्रसादाचा तांबूल खाऊन राहिली."

त्यांना रडूच फुटलं. हाव, हाव, एवढंच म्हणत फोन ठेवला, अन् त्या पत्रकाराला चार शिव्या हासडायच्या म्हणून बातमी उघडली. खाली मजकुरात मार्च दोन हजार बावीस! ब्लॉग नव्यानं जोडला तशा जुन्या बातम्याही उतरल्या होत्या, अन् फीडमध्ये त्या बातम्यांना तारीख नसल्यानं प्रोग्रामनं आजची लावली होती. हात्तिच्या! भुजंगराव एकटेच हसले.

ब्लॉग काढला तरी त्याचा जुना फोल्डर तसाच होता. तिथंही ती बातमी होती, बारीक अक्षरात, म्हणजे वाचलेली. त्यांनीच वाचलेली. तेव्हा 'अरेरे' म्हणून धोंडाबाईला पोहे टाकायला सांगितले असतील, दुसरं काय.

आता त्यांनी नावं वाचली. आजी अंजनाबाई. नात ऋतुजा, वय नऊ.

त्या पोरीचा आजाही असाच फोनकडं बघत बसला असेल, हे मनात आलं अन् त्यांनी धोंडाबाईला पुन्हा फोन लावला.