मासोळीचा डबा

“माय, तो मासोळीचा डब्बा उघड ना! डॉक्टर थांबून राह्यले इथं.”

खुशाल गोंदियाच्या दवाखान्यातून बोलत होता. त्याची माय, सुशिलाबाई, अर्जुनी मोरगावजवळच्या आपल्या गावी गोठ्याच्या दारात फोन घेऊन उभ्या होत्या. फोनमध्ये मासोळी कुठेच नव्हती.

उदारामला, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, सकाळी तापात छाती भरली म्हणून खुशालने गोंदियाला नेलं होतं. सुशिलाबाईही गेल्या असत्या, पण म्हैस व्यायला टेकली होती. मागच्या वर्षी नागपूरला एका इंजेक्शनाने उदारामचा चेहरा सुजला आणि श्वास अडकला होता. त्या औषधाचं नाव दवाखान्यातून सुटताना दिलेल्या कागदावर होतं. मूळ कागद छपरातून गळलेल्या पाण्यात भिजून गेला. उरला होता तो फोनमधला त्याचा फोटो.

सुशिलाबाईंनी शाळेची पायरी पाहिलेली नाही. मोठा फोन मात्र त्या आळीत आधी त्यांच्याकडे आला, म्हणून ज्याच्या त्याच्या कागदांचे फोटो तिथेच काढून ठेवले जायचे. त्यांचा ढीग झाला, तेव्हा बाईंनी डोकं चालवलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कुठे नावं लिहिलेली असतात? तरी हळदीच्या डब्यात हात घालून कोणी मीठ काढत नाही. नावाच्या जागी चित्रंही बसतात, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं आणि फोनमध्ये माणसागणिक एकेक डबा, म्हणजे फोल्डर, केला. तलावावर गळ टाकून बसणारा उदाराम झाला मासोळी. शेजारच्या रुख्मिणीचा कोंबडा सगळ्या आळीशी भांडतो, म्हणून ती कोंबडा. उन्हं वर येईतो लोळणारा खुशाल म्हणजे झोपाळू तोंड. लोक हसायचे, अंगठाबहाद्दर म्हणायचे. कागद लागला की यांच्याच ओसरीवर येऊन बसायचे, ती गोष्ट वेगळी.

पण रविवारी सून आली होती. खुशालची बायको चेतना नोकरीसाठी गोंदियाजवळ कुडव्याला राहते, शाळेत शिकवते, आणि पसारा दिसला की तिचे हात शिवशिवतात. “आई, हा फोन आहे का जंगल?” म्हणत तिने सगळी चित्रं पुसून सुवाच्य मराठीत नावं घातली. मनापासून केलं हो पोरीने! “पाहा, किती छान झालं!” म्हणाली तेव्हा तिचा चेहरा इतका फुललेला होता, की सुशिलाबाईंनी नुसती मान हलवली. आणि आता चेतना वर्गात होती, तिचा फोन बंद होता.

“काऊन नाई भेटून राह्यला?” खुशाल ओरडला. “तूच तं ठेवला होता!”

“थांब बाप्पा. माह्याच हातानं इकडचं तिकडं झालं.”

फोन ठेवून त्या बाजेवर टेकल्या. समोर काळ्या अक्षरांची रांग, सगळी सारखीच. रुख्मिणीला हाक मारावी, तर तिलाही वाचता येत नव्हतं. मग त्यांच्या मनात आलं, की कागदालाही चेहरा असतोच. नागपूरच्या कागदाला वर हिरवा पट्टा होता, आणि खाली शिक्का तिरका पडला होता.

त्या एकेक डबा उघडत गेल्या. सातबारा, कोणाची तरी गुणपत्रिका, रुख्मिणीचं रेशनकार्ड. हिरवा पट्टा दिसला, पण शिक्का सरळ. बंद. पुन्हा पुढचा. गोठ्यात म्हैस हंबरली, तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटी एकदाचा हिरवा पट्टा आणि खाली तिरका शिक्का दिसला. त्यांनी तो खुशालला पाठवला आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. बघवतच नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो वाजला.

“भेटला, माय. तेच इंजेक्शन भरून ठेवलं होतं. डॉक्टरनं बदललं.”

मागून उदारामचा खोल गेलेला आवाज आला, “म्हैस व्याली का, विचार तिले.”

“नाई अजून,” सुशिलाबाई म्हणाल्या. “तुमी गुमान पडून राहा.” आणि पदर तोंडाला लावून त्या पोटभर रडल्या.

पुढच्या रविवारी उदाराम घरी परतला होता. चेतना आली ती तडक गोठ्यात. मायने फोनची कशी वाट लावली, हे खुशालने तिला रंगवून सांगितलं होतं, आणि ही वाट आपणच लावली, हे ऐकता ऐकताच तिच्या लक्षात आलं होतं.

“आई, माझं नाव काऊन नाही सांगितलं?”

“तुहं नाव सांगून कागद लवकर भेटला असता का वो?”

चेतना तिथेच बसली, फोन घेतला आणि सासूला विचारत एकेक चित्र परत लावू लागली. मासोळी. कोंबडा. झोपाळू तोंड.

“आणि माझं?”

“तुही मिरची होती.”

चेतना हसली, तरी डोळे भरले. “म्हणजे मी तिखट!”

“मंग? तिच्याबिगर भाजी खाते का कोनी?”

“आणि तुमचा डबा?”

“माहा कायचा कागद? माहा नाई डब्बा.”

चेतनाने नवा डबा केला आणि चित्रांची रांग त्यांच्यासमोर धरली. फुलं गेली, दिवे गेले, मोर गेला. सुशिलाबाईंचं बोट उभारलेल्या अंगठ्यावर थांबलं.

“हे लाव. एवढी वर्सं सही हेच करून राह्यली मी.”

चेतनाने लावलं. उघडून पाहिलं, तर आत ‘काहीही नाही’ असं लिहून आलं. ते तिने वाचून दाखवलं नाही. डबा बंद करून फोन त्यांच्या हातात दिला.

शेणाचा हात लुगड्याला पुसून सुशिलाबाईंनी तो लांब धरला, आणि पहिल्यांदाच आपलं नाव वाचलं.