शेवट गोड हाय म्हणे

रविवारी सकाळी कंधारातून वैजनाथची क्रूझर लातूरला निघायची ती आयाबापांनी आणि जेवणाच्या डब्यांनी गच्च भरून. लेकरं लातुरात डॉक्टर व्हायला क्लासला ठेवलेली, मेसचं खाऊन त्यांची तोंडं उतरलेली. मग धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तळलेल्या मिरच्या असं सगळं बांधून अर्धी गल्ली गाडीत. दुपारचे तीन-चार तास आयाबाप होस्टेलच्या जिन्यात बसून लेकरांना चारत, आणि तेवढ्यात ड्रायव्हर लोक काय करत? पिक्चर बघत. उन्हात गाडीत भाजून निघण्यापेक्षा थेटरात गारव्याला बसलेलं बरं, एवढाच त्यात कलेचा संबंध.

पण परतीला अहमदपूर मागं पडलं की गाडीतून आवाज यायचाच, "हं, वैजनाथ, कसा होता पिक्चर?" आणि वैजनाथ निकाल द्यायचा. "कशाचा कसा! हिरो म्हणं नांगर धरतो अन् धोतर पहावं तर आत्ता इस्त्री केलेलं. हिरोईन विहिरीवर धुणं धुवायली अन् नखाला लाल पॉलिश! बैलजोडी तर एकच हो. ह्या गावात बी तीच अन् वैऱ्याच्या गावात बी तीच. शिंगं रंगवून फसवायलेत आपल्याला." गाडी हसून लोळायची. घरी आल्यावर तोच निकाल त्याची बायको सिंधु चुलीपुढं बसून पुन्हा ऐकायची. तिला थेटरात जाऊन किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक, पण नवऱ्याच्या तोंडून इतकं दिसायचं की तिकीट काढायची गरजच पडायची नाही.

दिवाळी झाली आणि ह्या निकालाला वेगळाच वास यायला लागला.

"सासूचं काम करणारीचा आवाज लई दमदार," वैजनाथ एका रविवारी जेवताना म्हणाला. "अन् त्या गाण्यात मागून बासरी येती बघ, काळजात कळ उठती." सिंधुचा भाकरी थापणारा हात थांबला. बासरी? ह्या माणसाला बासरी आणि पिपाणी यांतला फरक कधीपासून कळायला लागला?

"हिरोईन कशी होती?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चांगली होती."

"साडी कसली होती?"

"साडी..." वैजनाथनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "साडी होती की."

ऐका! परक्या बाईच्या नखाचं पॉलिश टिपणारा माणूस आता म्हणतो, साडी होती की. पाणी कुठंतरी मुरायलंय, सिंधुनं ओळखलं. पिक्चर ह्यानं बघितला, पण मत दुसऱ्या कुणाचं हाय. शेजारी कुणीतरी बसत असणार, सूरबीर कळणारी, गोड गळ्याची. तिनं मनातल्या मनात त्या बाईला आकार दिला, केसांत गजरा माळला आणि मग तिच्या नावानं बोटं मोडली.

संशयाचं असं असतं, एकदा घरात शिरला की भांडीकुंडीसुद्धा त्याच्या बाजूनं साक्ष देतात. वैजनाथ हल्ली तिच्या तोंडाकडं बघून बोलत नव्हता. बोलताना नजर कानाजवळ कुठंतरी, जसा काही हिच्या मागं दुसराच माणूस उभा आहे. चोराच्या मनात चांदणं! फोनवर अक्षर टाइप करणं त्यानं सोडून दिलं होतं. अंगणात जाऊन फोन तोंडापाशी धरून कुजबुजायचा आणि आलेलं कानाला लावून ऐकायचा. सिंधु अंगणात आली की म्हणायचा, "भाड्याचं बोलायलो गं." भाड्याचं बोलायला कुजबुज कशाला लागती?

तिनं मोहियोद्दीनला गाठलं. तो वैजनाथचा जुना जोडीदार, त्याच रस्त्यावर त्याची दुसरी गाडी. बाजारात भेंडी निवडता निवडता तिनं विचारलं, "भाईजान, पिक्चरला तुमी अन् हे संगंच असता ना?"

मोहियोद्दीनची भेंडी हातातच राहिली. "नाही भाभी, आता कुठं? आम्ही मागं पंख्याखाली बसतो. तो आमच्याआधीच सटकतो. एकटाच बसतो म्हणं कुठंतरी. विचारलं तर चिडतो." आणि सिंधुचा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "तसं काही नसंल हो."

तसं काही नसंल, असं कुणी म्हणालं की तसंच असतं. सिंधुला त्या दिवशी भेंडी गोड लागली नाही.

मग तो पैलवानाचा पिक्चर लागला. वैजनाथ खुशीत परतला. "ह्या वर्षातला एक नंबर पिक्चर. बापाशी भांडून पैलवान घर सोडतो, दारोदार भटकतो. पण शेवट गोड हाय. नदीवर जातो, पाण्यात पाय सोडून निवांत बसतो. नुसतं पाणी वाहायलेलं ऐकू येतं. लई गार वाटलं बघ. बाया तर मुसमुसून रडायल्या. बायांचं काय, गोड शेवटाला बी रडतात."

दोन दिवसांनी शेजारची उज्वला विरजण मागायला आली. तिची पुनम लातूरला शिकत होती, त्यामुळं दर रविवारी ती वैजनाथच्याच गाडीत असायची. मधल्या सोमवारी नांदेडला बहिणीकडं जाऊन ती तोच पिक्चर बघून आली होती. सिंधु म्हणाली, "शेवट गोड हाय म्हणे."

"गोड?" उज्वलाचं विरजण सांडता सांडता राहिलं. "अगं, मरतो की तो! नदीत जीव देतो. काठाला नुसत्या चपला दाखवतात. मी तर रुमाल भिजवला. भावजींनी कोणता पिक्चर बघितला?"

कोणता बघितला! बघितलाच नव्हता. आता सगळं ऊन पडल्यासारखं लख्ख झालं. थेटराचं नुसतं नाव. ती बया घरी बसून ह्याला गोष्ट सांगते, अर्धी कच्ची, आणि हा येऊन आपल्याला ऐकवतो. सिंधुला रडू आलं नाही, राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त आली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक असंल, आपणच खुळी.

पुढच्या रविवारी तिनं लुगडं बदललं आणि जाऊन गाडीत बसली. "मला बी बघायचाय पैलवान," ती म्हणाली. वैजनाथ जरासा घुटमळला. "तोच काय बघायचा परत?" "एक नंबर म्हणला ना? मग दोनदा बघू." गाडीतल्या बायका खुदकन हसल्या. वैजनाथनं गाडी काढली. लोह्यापासून पुढं एक लाल एसटी लागली तर अहमदपुरापर्यंत तो तिच्या मागंच राहिला. रस्ता मोकळा असूनही पुढं काढली नाही. "काय वैजनाथ, एसटीची शेपटी धरलीस का?" मागून कुणीतरी चिडवलं. सिंधुचं ध्यान तिकडं नव्हतं. फोन वाजतो का, हा कुणाकडं बघून हसतो का, तेवढंच ती टिपत होती.

थेटरात वैजनाथ सरळ पहिल्या रांगेत गेला. भिंतीला हात लावत लावत गेला. "मान मोडंल की इथं," सिंधु म्हणाली. "मी इथंच बसतो." तिनं दोन्हीकडं बघून घेतलं. एका बाजूला एक म्हातारा शेंगा सोलत होता, दुसरी खुर्ची रिकामी. ती खुर्ची कुणासाठी, ह्यावरच तिचा अर्धा पिक्चर गेला. कुणी आलं नाही. वैजनाथ मान खाली घालून, कीर्तनाला बसल्यासारखा ऐकत होता. पडद्याकडं त्याचं तोंडसुद्धा नव्हतं.

शेवटी नदी आली. रिकामा काठ, दगडावर नीट जोडून ठेवलेल्या चपला आणि वाहतं पाणी. पडद्यावर माणूस नव्हता. मागं बायकांचे हुंदके सुरू झाले. वैजनाथनं सिंधुच्या हाताला कोपर लावलं आणि समाधानानं म्हणाला, "बघ. म्हणलो न्हवतो? कसा निवांत बसलाय."

सिंधु पडद्याकडं बघत राहिली, मग नवऱ्याकडं. थेटरातले दिवे लागले तरी ती उठली नाही.

बाहेर गाडीपाशी आल्यावर ती म्हणाली, "तिथं कुणी बसलं न्हवतं. नुसत्या चपला होत्या."

वैजनाथ गाडीला टेकला. "मधोमध धुकं हाय," तो म्हणाला. "कडंकडंचं दिसतं. तुझ्या कानाकडं बघितलं की तुझं तोंड थोडं दिसतं." शुगरनं डोळ्याचे पडदे गेलेत म्हणे, इथल्याच एका डॉक्टरनं सांगितलं होतं. इंजेक्शनं घ्या आणि गाडी बंद करा. "इंजेक्शनं घ्यायलो. गाडीचं ऐकलंच न्हाई मी. गाडी सोडली तर मी कोण गं? थेटरात बरं वाटतं. तिथं सगळेच अंधारात बसलेले असतात."

अरे देवा! इतके दिवस जिच्या झिंज्या उपटायच्या म्हणून सिंधु पदर खोचून बसली होती, ती बाई नव्हतीच. सवत असती तर भांडली असती, माहेरी गेली असती, चार माणसं गोळा केली असती. ह्याच्याशी भांडायचं कसं? आणि मग तिला सकाळची एसटी आठवली. त्या लाल रंगाच्या मागं मागं हा माणूस गाडीभर जीव घेऊन आला होता.

तेवढ्यात होस्टेलाकडून माणसं यायला लागली, रिकामे डबे वाजवत. वैजनाथनं आवाज ओळखले आणि तिचा दंड घट्ट धरला. "आजचा दिवस जाऊ दे. एसटीमागं हळूहळू नेतो. अन् काय सांगायचंच असंल तर बाई ठेवली म्हणून सांग त्यांना. मी हाव म्हणतो. पण आंधळा म्हणू नको."

"बाई ठेवली म्हणून सांगितलं तर पुढच्या रविवारी हसत हसत बसतील तुमच्या गाडीत," सिंधु म्हणाली. तिला त्याचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकी माया आली की काय करावं ते सुचेना.

उज्वला पुनमला घेऊन आली होती. पोरीला दोन दिवसांची सुट्टी मिळालेली. आईला मिठी मारून, बॅग टाकून पुनम पुढच्या सीटवर चढली, ड्रायव्हरच्या शेजारी. "काका, पिक्चर कसा होता?"

"खाली उतर बाळा," सिंधु म्हणाली. आवाज चढला म्हणून सगळे थांबले. "सगळेच थांबा. ह्यांना दिसत न्हाई."

एक म्हातारा हसला. "वैनी, काय थट्टा लावली?"

कुणी आणखी हसलं नाही. सगळी वैजनाथकडं बघत होती आणि तो त्यांच्या खांद्यांकडं. खोटं बोलायला त्याला अजून जागा होती. सिंधुला वाटलं, बोलतोय आता. त्यानं खिशातून किल्ली काढली, हातात फिरवली. "हाव," तो म्हणाला. "न्हाई दिसत."

उज्वलानं पुनमला खाली ओढलं आणि तिथंच डब्याच्या पिशवीवर बसली. "सकाळी..." एवढंच तिच्या तोंडून आलं. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर वैजनाथला बरं वाटलं असतं.

मोहियोद्दीन पलीकडं उभा राहून सगळं ऐकत होता. आपली गाडी सोबत आलेल्या भावाच्या हवाली करून तो आला. त्यानं वैजनाथपुढं हात केला. वैजनाथनं किल्ली दिली. माणसं घाबरत घाबरत एकेक करून गाडीत चढली. आणि इतक्या वर्षांची सवय, वैजनाथ वळला आणि ड्रायव्हरच्या दाराकडं गेला. दांडीवर हात ठेवून उभा राहिला. मोहियोद्दीन त्याच्यामागं उभा. मित्राला बाजूला हो म्हणायला त्याची जीभ रेटेना.

सिंधु पुढं झाली. लग्नात भटजींनी हातात हात दिला होता तेवढाच. त्यानंतर चारचौघांत तिनं नवऱ्याच्या बोटालाही कधी हात लावला नव्हता. आता सगळ्या गल्लीदेखत तिनं त्याचा हात धरला, गाडीला वळसा घालून त्याला दुसऱ्या दारापाशी आणलं.

"पायरी हाय," ती म्हणाली.

"म्हाईत हाय मला," वैजनाथ खेकसला. "माझीच गाडी हाय."

पण हात त्यानं सोडवून घेतला नाही.