पाच अंशांची पेटी

लसीची बाटली दहा वेळा हलवून ओट्यावर उभी ठेवली, की आतलं पाणी ताकासारखं पांढरं दिसतं. चांगल्या लसीचं हे ताक अर्धा तास तरी ताकच राहतं. वैष्णवीच्या हातातली बाटली आठ मिनिटांत वरून बोटभर निवळली होती, आणि तळाशी बारीक पांढरे कण बसत होते, फाटलेल्या दुधात दिसतात तसे. तिनं दुसरी बाटली हलवून शेजारी ठेवली आणि मोबाइलवर वेळ बघितली. ती सात मिनिटांत निवळली.

समाजमंदिरासमोरच्या लिंबाखाली मसाजीच्या ऐंशी शेळ्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. साडेदहा वाजले होते, उन्हं चढली होती, आणि सकाळपासून चरायला न गेलेल्या शेळ्या एकमेकींचे कान चघळत होत्या.

"ताई, बाटल्याकडं बघून बघून त्या पिकायच्या हाईत का?" मसाजीनं विचारलं. "टोचा की. जनावरं उपाशी हाईत."

"थांबा जरा, मसाजीबाबा."

"थांबलोच की पहाटपासून."

वैष्णवी साखरा गावची पशुसखी. हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन इथं आलेली. कोवळं गवत खाऊन शेळ्या पटापट मरतात त्या आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचायचं काम तिचं. लस सेनगावच्या दवाखान्यातून आणायची. ती मात्र तिचे सासरे तातेराव आणत. सूनबाईनं जीपच्या मागं लोंबकळत का जावं, हा त्यांचा सवाल. त्यात माया होती, आणि लसीची निळी पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढच्या सीटवर बसण्याची हौसही होती.

पेटीत चार प्लेटा. प्लेटांमध्ये पाणी नाही, पाच अंशांवर गोठणारं तेलकट द्रव्य. ते वितळून संपेपर्यंत पेटी पाच अंशांच्या आसपास राहते, खाली जात नाही, वर जात नाही. गेल्या दोन वर्षांत या प्लेटांचं घरात काय काय झालं नव्हतं? सासूबाईंनी एक विरजणाच्या भांड्याखाली ठेवली. नवऱ्यानं, माऊलीनं, एक गुडघ्याला बांधली. शेजारच्या काकांनी जादाची एक विळीवर कापून आत काय आहे ते पाहिलं आणि 'निस्तं मेणच हाय' असा निकाल गावभर पोचवला.

तातेरावांची शंका वेगळी होती. पाणी शून्यावर गोठतं, हे पाचावर गोठतं. म्हणजे हे बर्फापेक्षा गरमच झालं की. सरकारनं गरम बर्फ दिला. वैष्णवीनं त्यांना तुपाचं उदाहरण दिलं होतं. तूप हिवाळ्यात फडताळात गोठतं, त्याला काही बर्फ लागत नाही. प्रत्येकाचा गोठायचा अंश वेगळा.

"तूप खाऊन कुणाला थंडी वाजली का आजवर?" तातेराव म्हणाले होते, आणि बसलेली माणसं हसली होती.

तिनं हे पाच वेळा समजावलं होतं. सहाव्या वेळी पेटीच्या झाकणावर मार्करनं लिहिलं: बर्फ घालू नये.

आता झाकण उघडं होतं, आणि आत लसीच्या खोबणीवर कोल्ड्रिंकची बाटली आडवी पडली होती. निम्मी बर्फ, निम्मी पाणी. चारही प्लेटा अजून घट्ट होत्या. पेटीला बाहेरच्या मदतीची काडीची गरज नव्हती.

"मामा, ही बाटली कुठून आली?"

तातेराव लिंबाच्या पारावर घाम पुसत बसले होते. "गोरेगावाहून. आपल्या दुकानवाल्याकडून. डीप फ्रीझरातून अशी कडक काढून दिली, बघ, दगडावानी."

"झाकणावर काय लिहिलंय?"

"वाचलं ना. बर्फ कुठं घातला मी? बर्फ बाटलीत हाय. एक थेंब सांडला न्हाई."

"आणि वाट सोडून गोरेगावला काहून गेलता?"

"लग्नाची पत्रिका द्यायची होती. तिथं तासभर गेला, ऊन वाढलं. मग म्या म्हणलं, सूनबाईचं औषध नासू नये." त्यांनी पेटीच्या कोपऱ्यातल्या थर्मामीटरकडे बोट केलं. "तीन दाखवून राहिलं. दोन ते आठ म्हणतीस ना तू? मग? बराबर हाय."

थर्मामीटर कोपऱ्यात होतं. बाटली लसीवर होती. कोपऱ्यात तीन अंश असताना फ्रीझरातल्या बर्फाला टेकलेली लस गोठून पुन्हा वितळू शकते, आणि वितळल्यावर ती वरवर चांगल्या लसीसारखीच दिसते; हलवून ठेवली की मात्र झटकन निवळते, आणि तिची ताकद गेलेली असते. हे सातव्यांदा सांगायचं म्हणजे पुन्हा तुपापासून सुरुवात.

गेल्या वर्षीही त्यांनी पेटीत बर्फ घालूनच लस आणली होती. तेव्हा तिनं बाटली हलवून बघितली नव्हती. लस टोचून मोकळी झाली होती. पावसानंतर कोवळ्या गवतावर मसाजीच्या तेरा शेळ्या दोन दिवसांत गेल्या. मग तिनं उरलेली बाटली काढून हलवली. ती सहा मिनिटांत निवळली. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. तुझ्या मामांच्या कानावर घालू नको. गावात मान खाली जाईल त्यांची." वैष्णवी गप्प बसली. गाव म्हणालं, लसच खोटी. तातेरावही म्हणाले, एवढी थंडगार आणली, तरी न्हाई लागली.

यंदा मसाजी शेळ्या आणायलाच तयार नव्हता. ती तीनदा त्याच्या वाड्यावर जाऊन आली होती.

"टोचून टाक, सूनबाई," तातेराव म्हणाले. "लोक बघून राहिलेत."

मसाजीची बायको अनुसयाबाई शेळ्यांतून वाट काढत ओट्याजवळ आली. तिनं दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं, मग वैष्णवीकडे.

"बाई, ह्यांचं मन न्हाई. म्या तुह्या तोंडाकडं बघून आणल्यात शेळ्या. सांग, लागंल ना औषध?"

वैष्णवीनं पहिली बाटली पुन्हा उचलली. वरचं पाणी आता अर्ध्यापर्यंत स्वच्छ झालं होतं. आज टोचली तर कुणाला काही कळणार नव्हतं. महिन्या-दीड महिन्यानं कळलं असतं, आणि तेव्हाही दोष लसीलाच गेला असता. सासूबाई समाजमंदिराच्या दारातून तिच्याकडेच बघत होत्या; मान हलकेच 'नको' अशी हलली.

"न्हाई लागणार," वैष्णवी म्हणाली.

"आं?" तातेराव उठून उभे राहिले.

"ही लस बर्फानं गोठून बाद झाली, मामा. तुम्ही ठेवलेल्या बाटलीनं. मी ही टोचणार नाही."

मसाजी सावकाश ओट्यापाशी आला. त्यानं बाटलीच्या तळाकडे बघितलं. "आन् गेल्या साली?"

"सूनबाई," तातेराव हळू आवाजात म्हणाले.

तिनं बाटली ओट्यावर ठेवली, शिक्का मारावा तशी. आवाज मात्र चढवला नाही.

"गेल्या साली पण बर्फच होता, मसाजीबाबा. मला नंतर कळलं, आणि कळूनही वर्षभर मी तुम्हाला सांगितलं नाही. शेळ्या चरायला न्या. उद्या पहिल्या जीपनं सेनगावला मी जाते. आणि मामा, इथून पुढं ही पेटी माझ्याशिवाय कुणी उचलायची न्हाई."