गुनवरच्या नावापुढच्या फुल्या

मित्रांनो, माझ्या झाकणाला पोचा आलाय आणि हिरवा रंग जागोजागी उडालाय, तरी चहा-कॉफी मी अजून चार तास गरम ठेवतो. मी थर्मास आहे, गुनवरचा.

ती मनोरुग्णालयात परिचारिका होती. तिथेच माझी पहिली वीस वर्षं गेली. माणसाला बोलायला वेळ लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पेशंटशेजारी बसायची, दोन कप भरायची आणि गप्प राहायची. टूरे नावाचा एक सुतार अकरा दिवस नुसती कॉफी पीत राहिला. बाराव्या दिवशी म्हणाला, "फार कडू करतेस." गुनवर इतकी हसली की मी तिच्या हातून पडता पडता वाचलो.

पुढे आमच्या ओल्मेविक गावात अशा बऱ्या होत चाललेल्या माणसांसाठी भेटघर सुरू झालं. टूरे तिथे इतरांना सुतारकाम शिकवू लागला. गुनवर नगरपरिषदेवर निवडून आली आणि तिच्या पिशवीतून मीही सभागृहात पोचलो. काय रुबाब वाटला म्हणून सांगू!

दोन वर्षांनी ठराव आला, भेटघर बंद करण्याचा. तोही गुनवरच्याच पक्षाचा. पक्षाचा पुढारी स्टेलान याने तिला जिन्यात गाठलं.

"आज गडबड करू नकोस, गुनवर. पुढच्या निवडणुकीत यादीत तुझं नाव वर ठेवतोय मी."

"आणि भेटघरातल्या माणसांना कुठे ठेवतोयस?"

"तू आता नर्स नाहीस."

"असं मला अजून कुणी सांगितलं नव्हतं," म्हणत ती जिना चढली.

एकतीस सभासद. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. गुनवरची पाळी आली तेव्हा बंद करा म्हणणारे पंधरा, नको म्हणणारे चौदा.

"नको," ती म्हणाली.

पंधरा-पंधरा! उरला एकटा अध्यक्ष, स्टेलानचा जुना दोस्त. तिचा हात माझ्यावर होता. अध्यक्षाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माझी बहीण जाते तिथे," तो म्हणाला. "नको."

वर प्रेक्षकांत बसलेला टूरे उठून उभा राहिला आणि खाली बसायचं विसरूनच गेला.

स्टेलान मात्र विसरला नाही. पुढच्या निवडणुकीत गुनवरचं नाव यादीत सगळ्यात खाली गेलं. आमच्याकडे मत पक्षाच्या यादीला पडतं आणि वरची नावं आधी निवडून येतात. पण मतपत्रिकेवर आवडत्या उमेदवाराच्या नावापुढे फुली मारता येते, आणि पुरेशा फुल्या पडल्या तर खालचं नाव उचलून वर जातं. मग आम्ही निघालो घरोघर! तीन आठवडे मी दिवसातून तीनदा भरला जात होतो.

"यादीत तुझं नाव कुठाय? मला तर दिसलंच नाही," मायब्रिट नावाच्या बाईंनी दारातून विचारलं.

"अगदी तळाला. चष्मा घालून जा."

"चष्मा लागेल एवढं बारीक छापलंय?"

"नाही गं. तिथपर्यंत कुणी वाचतच नाही."

बाई हसल्या, त्यांनी तिला आत घेतलं, आणि मग स्वतःच्या मुलाबद्दल तासभर बोलत राहिल्या. गुनवरने मत मागितलंच नाही, निघताना बाई स्वतःच म्हणाल्या, "शेवटपर्यंत वाचीन."

निवडणुकीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी, फुल्यांची मोजणी झाली. कारकुनाने कागद वाचला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. स्टेलानपेक्षा गुनवरच्या नावापुढे दुप्पट फुल्या होत्या. स्टेलान लालबुंद झाला. पण पुढे येऊन त्याने हात पुढे केला, हे मात्र मी पाहिलं. त्याच वर्षी समाजकल्याण समितीची अध्यक्ष म्हणून गुनवरचीच निवड झाली.

समितीच्या खोलीत कॉफीचं यंत्र होतं. मी कपाटावर गेलो. दोन वर्षं धूळ खाल्ली, झाकण आखडलं, वाईटही वाटलं. शेवटी भेटघरातल्या लोकांनी मला मागून नेलं, आणि आता रोज पंधरा जणांचे हात मला लागतात.

मित्रांनो, मला धुताना जरा जपून, आत काच आहे. आणि एवढं कराच: कुठलीही यादी हातात आली, वर्गातली, खेळाच्या संघातली, की सगळ्यात खालच्या नावापर्यंत वाचत जा. तिथे कुणीतरी असतं.