पूजा न झालेली जोडी

मित्रांनो, मी स्कीची एक जुनी जोडी आहे. आम्ही आहोत दोघी, पण एकीवाचून दुसरीला कवडीची किंमत नाही, म्हणून मी स्वतःला ‘मी’च म्हणते. नाशिकरोडला कोंडाजी सरांच्या घराच्या माळ्यावर माझा मुक्काम असतो. नाशिकला बर्फ फक्त रसवंतीत मिळतो, हे मला कुणी सांगायला नको. तरी लोक सांगतात. माळ्याकडे पाहुण्याची नजर गेली की हा विनोद होतोच, आणि करणाऱ्याला वाटतं की आपल्यालाच तो पहिल्यांदा सुचला.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका डोंगरी गावात झाला. मला लाकडातून घडवणाऱ्या कारागिराच्या परसातूनच दाट रान सुरू होई आणि त्याला रोज त्यातूनच उतरावं लागे. म्हणून त्याने मला आखूड ठेवलं, अंगाने जराशी रुंद केलं आणि टोक लवचीक, वर वळलेलं दिलं. माझ्यावर बुटाची टाच मोकळी सोडता येते. तळाला केसाळ पट्टी चिकटवली की मी मागे घसरत नाही, त्यामुळे माणूस मला पायात घालून डोंगर चढतो. वर पोचला की पट्टी काढतो, टाच अडकवतो आणि उतरतो.

बर्फ म्हणजे पांढरं काहीतरी, एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते. रानातला बर्फ एकसारखा नसतो. सावलीत तो पिठासारखा असतो, उघड्यावर वाऱ्याने थापून कडक केलेला, दुपारी भिजल्या कणकेसारखा. सगळ्यात लबाड तो, ज्याच्यावर पापडासारखा थर असतो आणि खाली काहीच धड नसतं. पापड मोडला की लांब, ताठ स्कीचं टोक आत घुसतं आणि वळायला तयार होत नाही. त्यात दोन झाडांमध्ये बैलगाडीएवढीही वाट नसेल तर आखूडच लागते. मोकळ्या, सारख्या केलेल्या उतारावर लांब स्की माझ्या पुढे निघून जाईल, हे मी मान्य करते. रेल्वेही निघून जाते. पण रेल्वेला बोळात कुणी नेत नाही.

माझा पहिला मालक मला घेऊन हिंदुस्थानात आला. मनालीकडे भटकून झाल्यावर तो इगतपुरीला ध्यानाच्या शिबिराला बसला. बरेच दिवस डोळे मिटून बसल्यावर त्याला वाटलं की आपल्याला आता काहीच नको. सगळ्यात आधी मी नको झाले. घड्याळ मात्र त्याने मनगटावरच ठेवलं. मला स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडे टेकवून तो निघून गेला, आणि चहावाला माझ्यावर फडकी वाळत घालू लागला.

तिथे मला कोंडाजी सरांनी पाहिलं. सर फौजेत हवालदार होते, काश्मीरमध्ये स्की शिकले होते, आणि आता नाशिकरोडच्या एका शाळेत खेळ शिकवत. त्यांनी फडकी बाजूला केली, माझं टोक हाताने वाकवून पाहिलं, एक डोळा मिटून तळाची रेष तपासली.

“न्या हो मास्तर,” चहावाला म्हणाला. “गिऱ्हाईकं अडखळतात.”

“गिऱ्हाईकं तुझ्या चहाने पण अडखळतात,” सर म्हणाले आणि मला खांद्यावर टाकून गाडीत चढले.

ही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. पंचवटीत तेव्हा गिर्यारोहकांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष धोंडीरामशेठ, सिमेंटचे व्यापारी. मार्चमध्ये तीन पोरांना मनालीला नेऊन देवदारांच्या रानातून वर चढवायचं आणि स्कीवर खाली उतरवायचं, असा बेत होता. मंडळात स्की येणारे एकटे कोंडाजी सर, म्हणून नेतृत्व त्यांच्याकडे. पोरं परत आपल्या घराच्या उंबऱ्यात उभी करीन, असा शब्द त्यांनी तिघांच्याही आयांना दिला होता.

स्की मात्र शेठनी आधीच घेऊन टाकल्या होत्या. मुंबईच्या दुकानात जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, “सगळ्यात उंच कुठल्या?” लाल रंगाच्या, सोनेरी अक्षरांच्या चार जोड्या आल्या. खंडेनवमीला, म्हणजे अवजारांच्या पूजेच्या दिवशी, त्या पाटावर मांडल्या गेल्या. रामकुंडावरून गुरुजी आले. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा पडल्या, फोटो निघाला. मित्रांनो, तुम्हीही सायकल घेताना रंगच आधी बघता, हे मला माहीत आहे. पण तुम्ही निदान लहान आहात.

सरांनी मला मंडळात नेलं तेव्हा त्या लाल लांबड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. झेंडू सुकला होता, ऐट तशीच होती.

“काय सर, ही पोरींची खेळणी कुठून आणली?” शेठ हसले.

“शेठ, तुमच्या ह्या लांबड्यांवर धुणं छान वाळेल. रानात नेल्या तर पोरं वाळत पडतील.”

“बोलून दाखवू नका. करून दाखवा.”

मग सरांनी घोटीच्या एका भातगिरणीमागचा तुसाचा ढीग निवडला. तूस बर्फासारखं नसतंच. पण तो ढीग घरापेक्षा उंच होता. अवकाळी पावसाने भिजून त्याच्यावर कडक पापुद्रा धरला होता आणि खाली भुसभुशीत होतं. सरांनी उतारावर बांबू रोवले, झाडं म्हणून. गिरणीतल्या बाया सुपं खाली ठेवून बघायला आल्या.

“मास्तर, तुसावरून घसरायला लय लांबून शिकून आले वाटतं!” एक म्हणाली.

“घसरू द्या गं,” दुसरी म्हणाली. “तेवढंच तूस खाली येईल.”

आधी सर लाल जोडीवर उतरले. दुसऱ्याच बांबूशी टोक रुतलं आणि सर तुसात तोंडावर पडले. बायांची करमणूक झाली. मग त्यांनी मला पायात घातलं. मी पापुद्र्यावर टोक उचललं, फुटला तिथे वर आले, आणि बांबूंच्या मधून डावी-उजवी वळत खाली पोचले. नाकातोंडात तूस गेलेल्या माणसाला जितकं ऐटीत उभं राहता येतं, तितकं सर उभे राहिले.

“तूस म्हणजे बर्फ नव्हे,” शेठ म्हणाले.

“नाहीच. बर्फ याच्यापेक्षा वाईट असतो.”

पुढच्या बैठकीत सरांनी सांगितलं, चारही जोड्या दुकानात परत करा आणि आखूड आणा.

“पूजा झालेलं अवजार परत करायचं?” शेठचा आवाज चढला.

तेव्हा कोपऱ्यातून एक सभासद हळूच म्हणाला, “सरांच्यात पूजा मानत नाहीत ना, त्यामुळे त्यांना त्याचं...”

कोंडाजी सर बौद्ध होते. त्यांच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते आणि खंडेनवमी नव्हती. एका क्षणात प्रश्न बर्फाचा राहिला नाही. लांब स्की नाकारणं म्हणजे पूजा नाकारणं, आणि ती सरांनी नाकारणं म्हणजे... हेही वाक्य कुणी पूर्ण केलं नाही. अर्धी वाक्यं सोडून देण्यात ही मंडळी फार पटाईत. उरलेलं अर्धं दुसऱ्याने घरी नेऊन रात्रभर चघळायचं.

सरांनी ते घरी आणलं. त्यांची बायको सुलाबाई भाकरी थापत होती.

“त्यांचा मान राखायला जाताय का बर्फात?” तिने विचारलं.

“त्यांच्या नेल्या नाहीत तर म्हणतील, जात दाखवली.”

“आणि नेल्या, नि एखादं पोरगं पडलं, तर काय म्हणतील?”

सरांनी विचार केला. “तेच म्हणतील.”

“मग पोरं तरी धड आणा.”

दुसऱ्या दिवशी सर शेठना म्हणाले, “पूजेला माझा नमस्कार आहे. पण मी आखूडच नेणार, आणि पोरांनीही आखूडच न्याव्यात असं माझं सांगणं आहे.”

शेठनी नेतृत्व काढून घेतलं आणि आपल्या पुतण्याला दिलं. हा भिकन, त्या तीन पोरांतलाच एक, सटाण्याहून शिकायला आलेला. पोरगा वाईट नव्हता. काकाने डोक्यावर ठेवलेली टोपी त्याने काढली नाही, एवढंच.

“मग तुम्ही येणार नाही?” शेठनी विचारलं.

“येणार. सगळ्यांच्या मागे राहीन. शब्द मी आयांना दिलाय, तुम्हाला नाही.”

देवदारांच्या रानात मी पुन्हा माझ्या घरी आले. चढताना लाल लांबड्या प्रत्येक वळणावर एकमेकींत अडकत होत्या. उतरताना भिकन पुढे होता. वरचा बर्फ घट्ट होता, तिथे त्याला वाटलं की आपल्याला सगळं येतं. मग झाडं जवळ आली, पापुद्रा मोडला, टोक आत गेलं, आणि लांबडी वळली नाही. वळला तो त्याचा पाय.

“सर, मना पाय! माले सोडीसन जाऊ नका!”

“ओरडू नको. काकाला शिव्या घालायच्या त्या नाशिकला जाऊन घाल. पाय हलवू नको.”

सरांनी पोरांच्या लाल स्की काढून घेतल्या, फांद्या आडव्या टाकून दोरीने एकत्र बांधल्या, आणि घसरगाडी केली. तिच्यावर भिकनला झोपवलं. लाल लांबड्यांना आयुष्यात पहिल्यांदाच जमेल असं काम मिळालं, आडवं पडून राहायचं. सरांनी दोरी कमरेला बांधली आणि मला पायात घातलं. उरलेली दोघं गुडघाभर बर्फात रुतत, मागून गाडी धरून आली. प्रत्येक झाडापाशी मी वळले, थांबले, पुन्हा वळले. माझी एक कड दगडावर फाटली. दिवस मावळायच्या आत आम्ही गावात पोचलो.

नाशिकला सत्कार झाला. मंचावर लाल लांबड्या उभ्या होत्या, नवे हार घालून. प्लास्टरातला पाय पुढे करून भिकन खुर्चीत बसला होता. शेठ म्हणाले, “पूजेच्या पुण्याईने माझं पोरगं वाचलं!” टाळ्या झाल्या. पुण्याईला टाळ्या मिळवणं सोपं असतं, तिला चढ चढावा लागत नाही.

मागच्या रांगेत सुलाबाई कुजबुजली, “तुमचं नाव घेतलं नाही.”

“माझं नाव त्यांच्या तोंडात कशाला? पोरगं आलं ना परत.”

मंडळाने सरांना पुन्हा कधी बोलावलं नाही. ते डोंगराकडे परत गेले नाहीत. दर हिवाळ्यात मात्र ते मला माळ्यावरून उतरवत आणि तळाला मेणबत्ती घासत. त्यांची मुलगी सिंधू माझं दुसरं टोक धरून बसे.

एकोणीसशे सत्त्याऐंशीत सर गेले. त्यावर मी फार बोलणार नाही. त्या हिवाळ्यात मला कुणी खाली काढलं नाही. पुढच्या हिवाळ्यात सिंधू माळ्यावर चढली आणि मेणबत्ती घासायला बसली. तिच्या हातून थर सारखा लागत नव्हता. ती घासत राहिली.

भिकन आला तो त्याच सुमारास. तोवर तो मंडळाचा अध्यक्ष झाला होता आणि किंचित लंगडत होता.

“ताई, सरांच्या स्की मंडळाला द्या. काचेच्या कपाटात ठेवू. खाली पितळी पाटी, सरांचं नाव. वर्षातून एकदा हार घालू.”

“कुणी पायात घालणार आहे का?”

“छे हो! मोहिमेला नव्या आणल्यात. जर्मन. चांगल्या लांब.”

सिंधूने त्याच्या पायाकडे पाहिलं. “भिकनदादा, थंडीत दुखतो का?”

“दुखतो की.”

“आणि तरी लांब?”

“मंडळाचं कसं असतं ताई, सगळ्यांचं मन... आणि पूजापण झालीय.”

“कुणी पायात घालून रानात नेणार असेल, तर आत्ता घेऊन जा,” सिंधू म्हणाली. “काचेत ठेवायला मी देणार नाही.”

भिकनने चहा घेतला. चहा चांगला झालाय म्हणाला. मला न घेता गेला.

मित्रांनो, तुमच्यापुढे हात जोडणं मला जमणार नाही. एवढंच सांगते. वस्तू निवडताना कुठून जायचंय ते बघा, कोण बघतंय ते बघू नका. निवडलीत तर वापरा, झिजवा आणि झिजलेलीची काळजी घ्या. हार घालून उभी करणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

हल्ली माळ्याच्या तुळईला वाळवी लागली आहे. सिंधू रॉकेल लावते, पण ती दिवसभर कामावर असते आणि वाळवीला सुट्टी नसते. कोण जिंकेल सांगता येत नाही. वाळवी माझ्यापर्यंत पोचली तरी मला भय वाटत नाही. काचेच्या कपाटापेक्षा ती बरी. वाळवीला निदान लाकूड कळतं.