केशरबाईंची बत्तीशी आणि भोपळ्याची दाढ

काष्टीच्या आठवडे बाजारात त्या दिवशी कांद्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळी गर्दी लिंबाखाली. तिथं अंगद महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ आणि पुढ्यात पाण्याची परात. परातीत वीट, विटेवर तापून लाल झालेला नांगराच्या फाळाचा तुकडा. महाराज त्यावर तेलात भिजवलेली चिमूटभर 'दिव्य औषधी' टाकत, वर भोक पाडलेली करवंटी पालथी घालत आणि भोकातली पोकळ नळी दुखणाऱ्याच्या तोंडात देत. मग धूर, ठसका, डोळ्यांना पाण्याच्या धारा. करवंटी उचलली, की परातीतल्या पाण्यात पांढऱ्या, वाकड्या, बारीक अळ्या!

"निगाली! कीड निगाली!" महाराज गरजत. "डाक्टर दात उपटतो, आमी दाताचा दुश्मन उपटतो! बोला, दंतनाथबाबा की..."

"जय!"

या दंतनाथबाबाचं नाव त्या दिवसापर्यंत तालुक्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. पण जयजयकाराला ओळख कशाला लागते?

पहिल्या रांगेत केशरबाई पदर सावरून उभ्या होत्या. सोबत लेक बजरंग आणि सून सत्यशीला. बजरंगाच्या वरच्या दाताला पूर्वी बैलाचं शिंग बसलं होतं. दात पडला नाही, नुसता काळा पडला आणि वर्षानुवर्षं गप्प राहिला. यंदा मात्र त्याच्यावरची हिरडी बोराएवढी सुजली, ठणकू लागली. श्रीगोंद्याच्या माधुरी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं होतं, "दात आतून मेलाय. मुळाशी पाण्याची पिशवी धरलीय. ती गुपचूप जबड्याचं हाड पोखरतेय. मूळ साफ करून भरू, हिरडीला छोटी चीर देऊन पिशवी काढू. ठणका थांबला तरी यायचं, कारण पिशवी थांबत नाही."

सोमवार ठरला होता. पण 'चीर' म्हटल्याबरोबर बजरंगाची बोबडी वळली. मारका बैल वेसणीला धरून आणणारा हा गडी, हिरडीच्या नावानं पार गळपटला होता!

महाराजांनी त्याला बसवलं, धूर दिला आणि वर सुजेवर अंगठा दाबला. फचकन पू आला, परातीत अळ्या दिसल्या. पू वाहून गेला तसा ठणकाही उतरला.

"आये, मोकळं वाटतंय गं!" बजरंग नाचायचाच बाकी राहिला. "आता कशाला फाडाफाडी? लावतो डाक्टरीनबाईला फोन."

केशरबाईंनी आकाशाकडे बघून हात जोडले. खोटं कशाला बोला, त्यांनाही खरंच वाटलं होतं.

"माय, तुमी बी बसा," महाराज म्हणाले. "आईची कीड लेकाला लागती. तुमच्या दाढंत तिची मावशी बसलीया!"

आता इथं एक गुपित फोडायला हवं. सत्तरी ओलांडलेल्या केशरबाईंची बत्तीशी पंचक्रोशीत गाजत होती. बाया विचारत, "काय लावता वो दाताला?" केशरबाई मान वेळावून सांगत, "काय न्हाई बया, जातिवंत हाड हाय आमचं." ते जातिवंत हाड नगरच्या एका दवाखान्यात मापानं बनवलेलं होतं. वर-खाली सगळी कवळी! ठाऊक होतं फक्त सत्यशीलेला. लेकालाही पत्ता नव्हता. त्याच्या लेखी आई तेव्हा बहिणीकडे राहायला गेली होती.

बाईंना नाही म्हणवेना. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. त्या बसल्या, नळी तोंडात धरली, ठसकल्या. करवंटी उचलली, आणि परातीत अळ्या.

"डावी दाढ!" महाराज ओरडले. "मुळापातूर पोखरलीवती!"

केशरबाईंनी जिभेनं डावीकडे चाचपलं. डावी दाढ? मूळ? आपल्या तोंडात कुठलं आलंय मूळ? सत्यशीलेनं मागून त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की बास.

"आत्याबाई, बोला की," ती कानात कुजबुजली. "तुमी न्हाई बोलला तर ह्यांचा जबडा जाईल."

"गाव हसंल गं मला."

"हसू द्या!"

तिकडे बजरंगानं फोन लावलाही होता. गोंगाटात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "डाक्टरीनबाई, सोमवारचं कॅन्सल बरं का. कीड निगाली!"

केशरबाईंनी लेकाकडे बघितलं. एकीकडे जन्मभराचा तोरा, दुसरीकडे लेकाचं तोंड. त्यांनी डोळे मिटले, तोंडात बोटं घातली आणि वरची, खालची, दोन्ही कवळ्या काढून धाडकन महाराजांच्या परातीत टाकल्या. पाणी महाराजांच्या दाढीवर उडालं.

"ह्यातली कोनती दाढ रं पोखरलीवती, मुडद्या?" बोलण्यातून निम्मा वाराच येत होता, पण अर्थ सगळ्यांना कळला.

बाजारात असा हशा उसळला की बैल बिचकले.

"कलियुग हाय माय!" महाराजांनी दाढी पुसली. "पलाष्टिकला बी कीड लागती!"

"व्हय का? मग भोपळ्याला बी लागत आसंल!" केशरबाईंनी शेजारच्या पाटीतला अर्धा कापलेला लाल भोपळा ओढला, नळीचं टोक त्यात खुपसलं आणि महाराजांच्या औषधाच्या पुडीतली चिमूट स्वतःच्या हातानं फाळावर टाकून करवंटी झाकली. धूर निघाला. करवंटी उचलली. परातीत नव्या अळ्या!

"भोपळ्याची आक्कलदाढ!" कुणीतरी ओरडलं.

फोन चालूच होता. माधुरी डॉक्टर हसू आवरत म्हणाल्या, "बजरंगभाऊ, त्यांच्या औषधात चपटं, पिवळसर बी आहे का बघा."

"हाय की! रिंगणीचं दिसतंय."

"बांधावरची काटेरी रिंगणी. ते बी तापलं की फुटतं आणि आतला पांढरा, वाकडा कोंब उडून पाण्यात पडतो. तीच तुमची अळी. दाताला लागते त्या किडीचे जंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. आणि पू गेला म्हणून ठणका थांबला. पिशवी जागच्या जागी आहे. सोमवारी या."

हे होईतो महाराज परात तिथंच टाकून पुण्याकडे जाणाऱ्या टेम्पोत बसले होते. दंतनाथबाबांनी काही त्यांना अडवलं नाही.

सोमवारी बजरंग गेला. भूल दिल्यावर चीर दिलेली त्याला कळलीही नाही. दात राहिला, पिशवी बाटलीतून तपासणीला गेली. "हाड भरायला काही महिने लागतील. मधून मधून फोटो काढायला या," डॉक्टर म्हणाल्या. "आणखी वर्षभर थांबला असता, तर शेजारचे दातही गमावले असते."

तर मंडळी, मार लागून काळा पडलेला दात, हिरडीवर येणारी-जाणारी पुळी, हे दुखत नसलं तरी दातांच्या डॉक्टरला दाखवा. फोटोत हाडाच्या आतलं दिसतं, धुरात फक्त डोळे चुरचुरतात. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर एकदा भोपळ्यावर करून बघायला सांगा.

पुढच्या बाजारी एका बाईनं केशरबाईंना मुद्दाम खिजवलं, "काय वो, जातिवंत हाड कसं हाय?"

केशरबाईंनी कांदे निवडणाऱ्या बजरंगाकडे बोट दाखवलं. "ते काय तिथं हाय," त्या म्हणाल्या आणि कवळी दाखवून मनसोक्त हसल्या.