अर्धा राहिलेला धडा

हिरड्या वाढण्याचं दुखणं आमच्या घरात माझ्याकडूनच पुढे गेलं. माझ्याकडून मुलाला, मुलाकडून नातीला. नऊ वर्षांची आमची भिंगरी बोलताना तोंडावर हात धरते, कारण तिचे दात अर्धेअधिक हिरड्यांत बुडालेले. येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाई ती वाढ कापणार होत्या. "नव्या शाळेत मी हात खाली ठेवून हसणार," असं तिनं घरभर सांगून ठेवलं होतं.

आदल्या शुक्रवारी तपासणीत बाईंनी हिरडीला सळई नुसती टेकवली, तर भळकन रक्त आलं.

"ही सूज कधीपासून? ब्रश करतेस ना?"

भिंगरी छताकडे बघत राहिली.

"इतक्या सुजेवर मी कापणार नाही. पुढची तारीख मग महिन्यानं."

महिन्यानं! शाळा तर पंधरा दिवसांवर आलेली.

"पण आजोबांनीच सांगितलं होतं," भिंगरी पुटपुटली, "सूज आली की उसवणारे येतात."

हो, मीच सांगितलं होतं, आणि आता ते बाईंनाही सांगावं लागलं. स्वेटर समोर धरून म्हणालो होतो, "हिरडीत पेशी धागे विणतात आणि एन्झाइम नावाचे कामकरी जुने धागे उसवतात. आपल्या घरात विणणं जोरात, उसवणारे कमी. म्हणून हिरडी साठत जाते. सूज आली की मात्र उसवणारे वाढतात." तेवढ्यात फोन वाजला. मी उठलो, आणि पुढचं राहूनच गेलं. ते भिंगरीनं आपल्या डोक्यानं पुरं केलं. सूज आली की वाढ आपोआप उसवेल, असं समजून बारा दिवस ती ब्रश नुसता ओला करून ठेवत होती.

"अगं शहाणे," बाई म्हणाल्या, "सुजेबरोबर आलेले उसवणारे नको असलेले धागेच निवडून उसवत नाहीत. दात धरून ठेवणारे धागेही उसवतात."

"म्हणजे स्वेटर जाडच राहणार आणि बटणं तुटणार?"

"बटणं आधी! बुधवारी दाखवायला या. रक्त थांबलं असेल तर गुरुवारी बघू."

घरी सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. "बाबा, तुमचा वर्ग काही दिवस बंद ठेवा." ती हसत नव्हती.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं एकाच आरशासमोर उभे राहून दात घासायचो. ती चूळ टाकायची आणि मी वाकून रंग बघायचो. शनिवारी लाल. रविवारीही लालच. "हळू घास," मी म्हणायचो. दुसऱ्या क्षणी, "नीट घास." सोमवारी गुलाबी. मंगळवारी रात्री मला झोप लागली नाही.

बुधवारी बाईंनी एकेक दात कापसानं टिपून तपासला. माझी नजर कापसावरून हलेना. एक गुलाबी ठिपका. मागच्या दाढेशी आणखी एक.

"दोनच," बाई म्हणाल्या. "चालेल. उद्या सकाळी घेऊन या."

बाहेरच्या बाकावर भिंगरीनं माझी बाही ओढली. "आजोबा, कापल्यावर परत वाढेल?"

खिशात फोन वाजू लागला. मी तो काढून बंद केला.

"वाढू शकते. माझी दोनदा वाढली," मी म्हणालो. "बस इथे. आज सगळं सांगतो."